फळं, भाज्या आणि पानं तपकिरी का पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काळं पडू नये म्हणून काय लावू?" हा प्रश्न इतक्या वेगवेगळ्या गोष्टींबद्दल येतो, की त्याला एकच उत्तर देणं धोक्याचं ठरतं. चिरलेलं सफरचंद, उकडलेला बटाटा, फ्रिजमधलं केळं, भाजलेला पाव, कुंडीतलं करपलेलं पान हे सगळे तपकिरीच दिसतात. पण प्रत्येकाचं कारण निराळं असतं, आणि एकाला तारणारा उपाय दुसऱ्याला चक्क मारक ठरतो. म्हणून आधी कारण ओळखा, मग उपायाकडे वळा. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिरलेलं सफरचंद काही मिनिटांतच काळं का पडतं?

पेशी शाबूत असते तोवर दोन गोष्टी एकमेकींपासून लांब असतात. फिनॉल वर्गातली संयुगं पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसानं भरलेल्या पिशवीत, बंद असतात, तर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) मुख्यतः लवक नावाच्या वेगळ्या कप्प्यांमध्ये असतं. सुरी फिरली, दात लागला किंवा फळ आपटलं की मधले पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना मिळतो. मग एन्झाइम फिनॉलचं क्विनोन करतं. क्विनोन अतिशय क्रियाशील असतात. ते एकमेकांशी आणि आसपासच्या प्रथिनांशी जोडले जातात आणि मेलॅनिनसारखी गडद रंगद्रव्यं तयार होतात.

म्हणजे या साखळीला फिनॉल, एन्झाइम आणि ऑक्सिजन लागतो, शिवाय एन्झाइमच्या गाभ्यात बसलेले तांब्याचे अणूही लागतात. यातलं एक जरी काढून घेतलं तरी साखळी तुटते. बटाटा, वांगं, नासपती, पीच, केळं, मशरूम यांचंही असंच होतं. संत्रं किंवा कलिंगड चिरून ठेवलं तरी असं काळं पडत नाही, कारण त्यांच्यात ही क्रिया नगण्य असते.

२. काळी पडलेली फोड खाल्ली तर चालते का?

चालते. तो रंग विषारी नाही. चव थोडी तुरट किंवा बेचव लागते आणि काही क जीवनसत्त्व खर्ची पडलेलं असतं, एवढंच. काळजी करायची ती वेळेची. चिरलेलं फळ बाहेर दोन तासांहून अधिक राहू देऊ नका, आणि हवा ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर एकच तास. जंतू रंगावर अवलंबून नसतात, त्यामुळे लिंबू लावून पांढरीशुभ्र राहिलेली फोडही खराब झालेली असू शकते.

३. पण झाडाला या काळेपणाचा काय फायदा?

जखम बंद करण्याचा. किडीनं पान कुरतडलं की तयार होणारे क्विनोन प्रथिनांना घट्ट बांधून टाकतात. ते अन्न किडीला नीट पचत नाही, आणि बुरशी व जिवाणूंनाही क्विनोन मानवत नाहीत. वर गडद थर बसून जखम काहीशी सीलबंद होते. फळाच्या फोडीवर आपल्याला जो दोष वाटतो, ती झाडाची मलमपट्टी आहे, हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

४. घरच्या घरी फोडी पांढऱ्या ठेवायच्या तर सगळ्यात चांगला उपाय कोणता?

फोडींचं पुढे काय करायचंय, त्यावर हे ठरतं.

लिंबाचा रस प्रामुख्याने आंबटपणामुळे काम करतो. हे एन्झाइम साधारण ५ ते ७ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) जोमात असतं आणि ३ च्या खाली जवळजवळ ठप्प होतं. शिवाय सायट्रिक आम्ल एन्झाइममधलं तांबं धरून ठेवतं. अडचण चवीची आहे, आणि रस धुऊन टाकला तर क्रिया पुन्हा सुरू होऊ शकते.

क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, वेगळ्या वाटेनं जाते. ती तयार झालेल्या क्विनोनला परत फिनॉल बनवते, त्यामुळे रंगापर्यंत मजल जातच नाही. साधारण ४ लिटर पाण्यात ३ ग्रॅम पूड विरघळवून फोडी त्यात ठेवल्या तर चवही फारशी बदलत नाही. मात्र हे उसनं अवसान आहे. ॲस्कॉर्बिक आम्ल संपलं की फोडी काळ्या पडू लागतात. गोळ्या कुटून घालायच्या असतील तर त्यांतल्या इतर घटकांमुळे पाणी गढूळ होतं, म्हणून पूडच बरी.

मिठातलं क्लोराइड एन्झाइमला अडवतं. कपभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, त्यात फोडी दहा मिनिटं, मग निथळून एकदा पाण्यातून काढायच्या. मीठ आणि लिंबू एकत्र असतील तर दोन्ही अधिक चांगलं काम करतात. मधाच्या पाण्यानंही फरक पडतो, कारण मधात या एन्झाइमला रोखणारा घटक असतो.

नुसत्या पाण्यात बुडवून ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. पाण्यातून ऑक्सिजन फार हळू पोचतो. बटाट्याला हे पुरतं, सफरचंदाला नाही: ते तरंगतं, उघडी राहिलेली बाजू काळी पडते आणि गोडवाही पाण्यात उतरतो.

एन्झाइम कायमचं मारायचं असेल तर उष्णतेशिवाय पर्याय नाही (प्रश्न ७). माझं मत विचाराल तर, डब्यात न्यायच्या फोडींना मिठाचं पाणी आणि फळांच्या मोठ्या घाण्याला ॲस्कॉर्बिक आम्ल. लिंबू तिथेच वापरा जिथे त्याची चव हवी आहे.

५. ॲव्होकाडोच्या गरात बी ठेवली की तो हिरवा राहतो, हे खरं आहे का?

बीच्या खाली जेवढा गर झाकला जातो, तेवढाच हिरवा राहतो. बीमध्ये काही गुण नाही, ती हवा अडवते. त्यापेक्षा गर सपाट दाबून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट चिकटवा, मधे हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका. डब्याचं झाकण घट्ट असणं पुरेसं नाही, कारण डब्यातली हवा गराला पुरून उरते. हाच नियम वाटलेल्या हिरव्या पानांना लागू पडतो: वर तेलाचा थर द्या.

६. सुरीमुळे फरक पडतो का? प्लॅस्टिकची सुरी घ्यावी म्हणतात.

फरक धारेमुळे पडतो. बोथट सुरी पेशी चिरडते आणि चिरडलेल्या पेशी म्हणजे जास्त काळेपणा. साध्या लोखंडी सुरीनं आणखी एक भर पडते: लोखंड फिनॉल आणि टॅनिनशी जुळून निळसर-काळा रंग देतं. धारदार स्टेनलेस स्टील असेल तर प्लॅस्टिकच्या सुरीचा वेगळा असा काही फायदा नाही.

लेट्यूसचं प्रकरण थोडं निराळं आहे. तिथे कापल्यानंतर पान नव्यानं फिनॉल बनवू लागतं, म्हणून कडा लगेच नव्हे, तर दिवसा-दोन दिवसांनी गुलाबी-तपकिरी होतात. चिरलेली पानं ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात दीड मिनिट बुडवून लगेच गार केली, तर पेशी त्या धक्क्याला तोंड देण्यात गुंततात आणि फिनॉल बनवणं मागे पडतं. लेट्यूस सफरचंदांशेजारी मात्र ठेवू नका. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन या फळं पिकवणाऱ्या वायूमुळे पानांच्या शिरांवर तपकिरी ठिपके उमटतात.

७. फ्रीझरमध्ये ठेवलेली फळं वितळल्यावर एकदम काळी का पडतात? थंडीनं एन्झाइम मरत नाही का?

मरत नाही, फक्त मंदावतं. उलट गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती आणि पडदे फोडतात. म्हणजे फळ वितळतं तेव्हा सुरी न लावताही सगळीकडून चिरल्यासारखं झालेलं असतं आणि एन्झाइम जिवंतच असतं.

म्हणून भाज्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात. भाजीप्रमाणे एक ते काही मिनिटं, मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. पाणी भरपूर आणि खळखळतं हवं, भाजी थोडी थोडी घाला. अर्धवट उष्णता दिलीत तर सगळ्यात वाईट: पडदे फुटतात, पण एन्झाइम शाबूत राहतं. फळं उकळून मऊ पडू नयेत असं वाटत असेल, तर ती साखरेच्या पाकात ॲस्कॉर्बिक आम्ल घालून गोठवावीत.

८. केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळीकुट्ट झाली. फ्रिजनं तर हे थांबायला हवं ना?

केळं उष्ण प्रदेशातलं फळ आहे. साधारण १३ अंशांच्या खाली त्याच्या सालीतल्या पेशींचे पडदे जखमी होतात आणि मग प्रश्न १ मधली साखळी आपोआप सुरू होते. केळं पूर्ण पिकल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळवंडते, पण आतला गर चांगला राहतो. हिरवं केळं मात्र ठेवू नका, ते नंतर नीट पिकतही नाही. वांगं, अननस आणि बेझिलची (तुळशीच्या कुळातली वनस्पती) पानं यांनाही गारठा असाच बाधतो. बेझिल देठ पाण्यात बुडवून बाहेरच ठेवावं.

९. हिरव्या भाजीला रंग राहावा म्हणून लिंबू पिळलं, तर ती उलट तपकिरी झाली. असं कसं?

ही तक्रार फार जणांची असते, आणि चूक त्यांची नाही. "लिंबानं रंग टिकतो" एवढंच ऐकलेलं असतं. हिरव्या भाजीत काळेपणा एन्झाइमचा नसून हरितद्रव्याचा असतो. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आम्ल मिळून तो बाहेर काढतात आणि हिरव्या रंगाचा शेवाळी-तपकिरी होतो. लिंबू त्याला मदतच करतं.

भाजीतही स्वतःची आम्लं असतात, त्यांतली काही वाफेबरोबर उडून जाणारी. म्हणून भांडं उघडं ठेवा, पाणी भरपूर घ्या आणि ५ ते ७ मिनिटांत काम उरका. आंबट काहीही वाढताना घाला. चिमूटभर सोड्यानं रंग झळझळीत राहतो हे खरं, पण भाजी लिबलिबीत होते आणि बी१ व क जीवनसत्त्व जातं. तो सौदा मला पटत नाही.

१०. बटाटा उकडला, एन्झाइम मेलं, तरी गार झाल्यावर करडा-काळा का होतो?

कारण हे काम लोहाचं आहे. शिजताना बटाट्यातलं क्लोरोजेनिक आम्ल (हेही एक फिनॉलच) लोहाशी जोडलं जातं, तेव्हा रंग नसतो. गार होताना हवा लागली की त्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि निळसर-करडी झाक येते. ती बहुधा देठाकडच्या टोकाला जास्त दिसते, कारण लोहाला धरून ठेवणारं सायट्रिक आम्ल तिथे कमी असतं. यात अपाय काही नाही.

उपाय आंबटाचाच, पण वेळ सांभाळून. पाण्यात सुरुवातीलाच व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तर बटाटा कडक राहतो. अर्धा शिजल्यावर घाला.

११. बटाटा बाहेरून सुरेख, कापला तर मधोमध काळा. हवा तर आत गेलीच नव्हती!

नेमकं म्हणूनच. कंद जिवंत असतो आणि श्वास घेतो. शेतात पाणी साचलं, किंवा गरम, कोंदट जागेत पोती रचली, की गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि मधल्या पेशी गुदमरून मरतात. मेल्यावर पडदे विरघळतात, एन्झाइम आणि फिनॉल भेटतात. कापल्यावर हवा लागताच रंग आणखी गडद होताना दिसतो.

म्हणूनच हवाबंद साठवण हा सगळ्यावरचा इलाज नव्हे. चिरलेल्या फळाला हवा नको असते, अख्ख्या फळाला आणि कंदाला ती हवी असते. शीतगृहात कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा वाढला तर नासपती आणि सफरचंदही आतून तपकिरी होतात.

१२. पाव भाजला, कांदा परतला की येणारा रंग याच प्रकारचा का?

नाही, इथे एन्झाइमचा संबंध नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये दाखवलं, की अमिनो आम्लं आणि काही शर्करा एकत्र तापवल्या की तपकिरी पदार्थ बनतात. १९५३ मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञ जॉन हॉज यांनी या क्रियेचे टप्पे जुळवून मांडले. खरपूस वास आणि चव हे याच मायार क्रियेचं देणं. ती साधारण १४० अंशांच्या पुढे भराभर चालते. ओला पदार्थ १०० अंशांवरच अडकून राहतो, म्हणून उकडलेल्याला खरपूसपणा येत नाही, आणि म्हणूनच भाजण्याआधी पृष्ठभाग पुसून कोरडा करावा. कढई गच्च भरली तर कांदा परतला जात नाही, आपल्याच वाफेत शिजतो. चिमूटभर सोडा ही क्रिया जोरात पळवतो, पण कांद्याचा गाळ करतो.

नुसती साखर तापवून येणारा रंग तिसरा, तो कॅरॅमलचा. साध्या साखरेला त्यासाठी साधारण १६० ते १७० अंश लागतात.

मायार क्रियेची पहिली पायरी आपल्या रक्तातही सावकाश घडत असते. ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं, आणि मधुमेहाच्या तपासणीतलं एचबीए१सी म्हणजे त्याचंच मोजमाप.

१३. तळलेले बटाटे आत कच्चे असतानाच बाहेरून काळे होतात. काय करू?

बटाटे थंडीत साठवलेले असणार. साधारण ६ अंशांच्या खाली बटाट्यातला स्टार्च शर्करेत बदलू लागतो, आणि जास्त शर्करा म्हणजे वेगवान मायार क्रिया. तळायचे बटाटे फ्रिजबाहेर, अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. चिरून १५ ते ३० मिनिटं पाण्यात ठेवा, निथळा, पुसा आणि मग तळा.

रंगावर लक्ष ठेवायला आणखी एक कारण आहे. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की स्टार्चयुक्त पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले तर ॲक्रिलामाइड तयार होतं. बटाट्यातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा यांतून ते बनतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आहे. सोनेरी रंगावर थांबा, करपलेला भाग काढून टाका.

१४. बाटलीतला लिंबाचा रस स्वतःच तपकिरी होतो. मग तो दुसऱ्यांना काय वाचवणार?

रसातलं क जीवनसत्त्व हळूहळू विघटित होतं, आणि त्या तुकड्यांतून तपकिरी द्रव्यं बनतात. सफरचंदाला तारणारा रेणूच इथे रंगाचं मूळ ठरतं. उष्णता आणि हवेनं वेग वाढतो, म्हणून रस लहान, पूर्ण भरलेल्या बाटल्यांत गार ठेवा किंवा बर्फाच्या साच्यात गोठवा.

दुधाची भुकटी किंवा सुकी फळं महिनोन्‌महिने ठेवल्यावर गडद होतात ती मंदगती मायार क्रियेमुळे. पूर्ण कोरड्या भुकटीत ती रेंगाळते. जराशी ओल शिरली की ती वाढते, आणि दुधातलं लायसिन हे पौष्टिक अमिनो आम्ल वाया जातं.

१५. मांस तपकिरी झालं म्हणजे शिळं झालं का? आणि कोळंबीवरचे काळे डाग?

मांसाचा रंग मायोग्लोबिन या स्नायूंतल्या लोहयुक्त प्रथिनाचा. हवाबंद पिशवीत ते जांभळट असतं, हवा लागली की लाल आणि लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की तपकिरी. निव्वळ रंगावरून ताजेपणा ठरत नाही. वास आणि बुळबुळीतपणा पाहा. शिजण्याची खात्रीही रंगावरून करू नका. खिमा आतून कधी कधी शिजण्याआधीच तपकिरी दिसतो, म्हणून थर्मामीटरनं ७१ अंश पाहावेत.

कोळंबीवरचे डाग मात्र प्रश्न १ च्याच कुळातल्या एन्झाइमचे. मेल्यावरही ते कवचाखाली काम करत राहतं. पकडल्याबरोबर बर्फात घालणं आणि डोकी काढणं यानं ते कमी होतात. त्याच कुळातलं टायरोसिनेज आपल्या त्वचेला रंग देतं.

१६. मुद्दाम तपकिरी केलेले पदार्थही असतात का?

असतात. काळ्या चहासाठी पानं वळून चिरडतात, ती फिनॉल आणि एन्झाइम भेटावीत म्हणूनच. त्यातून कडक चव आणि तांबूस रंग देणारी थिआफ्लेविन व थिआरुबिजिन बनतात. हिरव्या चहासाठी पानांना ताबडतोब वाफ किंवा कढईची धग देऊन एन्झाइम मारतात. कोकोच्या बियांचा रंगही याच एन्झाइमचं काम.

१७. सुक्या जर्दाळूंवर "सल्फाइट" लिहिलेलं असतं. ते घ्यावेत का?

सल्फाइट हे गंधकयुक्त परिरक्षक काळेपणा अडवण्यात सगळ्यांत जोरकस. ते एन्झाइम थोपवतं, क्विनोन पकडतं आणि मायार क्रियाही रोखतं. म्हणून त्याचे जर्दाळू नारिंगी राहतात, बिनसल्फाइटचे गडद तपकिरी होतात. पण दम्याच्या काही रुग्णांना त्यानं जीवघेणा त्रास होतो. अमेरिकेत कच्च्या खायच्या फळा-भाज्यांवर त्याचा वापर १९८६ मध्ये बंद करण्यात आला. पुडक्यावर ई २२० ते ई २२८ यांपैकी काही दिसलं तर ते सल्फाइटच. दमा असेल तर तपकिरी जर्दाळू घ्या, चवीलाही ते उणे नाहीत.

१८. काळं न पडणारं सफरचंद निघालंय म्हणे?

आर्क्टिक नावाचं. त्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज बनवणारी जनुकं दाबून टाकली आहेत. कॅनडातल्या ओकानागन स्पेशालिटी फ्रूट्सच्या या वाणाला २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मंजुरी मिळाली. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या यिनाँग यांग यांनी जनुक-संपादनानं केलेल्या मशरूमला नियमनाची गरज नाही, असं अमेरिकी कृषी खात्यानं कळवलं. ही फळंही सडतात. तेव्हाचा तपकिरी रंग बुरशीचा असतो आणि तो दिसायलाच हवा.

१९. कुंडीतल्या झाडाच्या पानांची टोकं तपकिरी का होतात?

पाणी टोकाला सगळ्यात शेवटी पोचतं आणि क्षार तिथेच साठतात. म्हणून पाणी कमी पडलं, हवा फार कोरडी असली किंवा खत जास्त झालं, तर पहिली टोकं करपतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसली तर दोष क्षारांचा: तळातून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या आणि काही काळ खत बंद ठेवा. ड्रसिना आणि स्पायडर प्लांट यांना पाण्यातलं फ्लोराइडही सोसत नाही.

कुठली पानं करपतात ते पाहा. जुन्या पानांच्या कडा जळत असतील तर पोटॅशियमची शंका घ्या. कोवळ्या पानांच्या कडा जळत असतील तर कॅल्शियम तिथे पोचत नाही. उजेडाकडे तोंड असलेल्या पानांवरच चट्टे असतील तर ऊन लागलं आहे. आणि माती ओली असूनही पानं माना टाकत असतील तर पाणी घालू नका. झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं निरोगी. तपकिरी, मऊ, हाताला सुटणारी मुळं म्हणजे कूज. तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, तेव्हा उपाय लागू पडला का हे नव्या पानांवरून ठरवा.

२०. करपणं आणि रोगाचा डाग यांत फरक कसा ओळखायचा?

करपणं कडेपासून किंवा टोकापासून आत येतं आणि बहुधा बऱ्याच पानांवर सारखं दिसतं. रोगाचा डाग कुठेही सुरू होतो आणि पसरतो. टोमॅटो-बटाट्यावर एकात एक वर्तुळं दिसली तर अल्टरनेरिया बुरशीचा करपा. पाण्यानं भिजल्यासारखे चट्टे आणि दमट हवेत पानाखाली पांढरी लव दिसली तर उशिरा येणारा करपा, ज्यानं १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला. त्यात एक दिवसही थांबू नका, बाधित झाडं लगेच काढा.

२१. ऊतिसंवर्धनात (झाडाचा छोटा तुकडा निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवताना) लावलेला तुकडा काळा पडून मरतो. काही करता येईल?

कापलेल्या टोकातून फिनॉल माध्यमात झिरपतात, तिथे त्यांचे क्विनोन होतात आणि तेच तुकड्याला मारतात. कोवळा भाग निवडा, तुकडा ॲस्कॉर्बिक आणि सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवून लावा, सुरुवातीचे दिवस अंधारात ठेवा. माध्यमात सक्रिय कोळसा घातला तर फिनॉल शोषले जातात, पण तो माध्यमात घातलेली वाढीची संप्रेरकंही शोषतो, त्यामुळे त्यांचं प्रमाण नव्यानं ठरवावं लागतं. माध्यमाचा रंग गडद होताना दिसला की वाट न पाहता तुकडा ताज्या माध्यमात हलवा.